ऑस्ट्रेलिया वाचताना: एक कथा, एक कागद

ऑस्ट्रेलिया आपल्याकडे ओळखीचा झाला तो क्रिकेटमुळे, तेव्हा सुरुवात तिथूनच. परदेश दौऱ्यावर गेलेला ऑस्ट्रेलियाचा पहिला संघ आदिवासी खेळाडूंचा होता. पश्चिम व्हिक्टोरियातल्या मेंढ्यांच्या कुरणांवर राबणारी ही माणसं १८६८ मध्ये इंग्लंडला गेली आणि ४७ सामने खेळली. १४ जिंकले, १४ हरले, १९ अनिर्णित राहिले. जॉनी मुल्ला हा त्यांतला सर्वांत तयारीचा अष्टपैलू. किंग कोल नावाचा खेळाडू दौरा चालू असतानाच लंडनमध्ये वारला. २०२० मध्ये मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीत शतक ठोकल्यावर अजिंक्य रहाणेला जे पदक मिळालं, ते याच मुल्लाच्या नावाचं होतं आणि तेव्हा पहिल्यांदाच दिलं गेलं.

क्रिकेटचा इतिहास वाचणाऱ्यांना एवढं ठाऊक असतं. पण संघ परतला त्याच वर्षी, १८६९ मध्ये, व्हिक्टोरियात आदिवासींच्या 'संरक्षणा'चा कायदा झाला. आदिवासी माणसाने कुठे राहायचं, कुणाकडे काम करायचं, त्याच्या मजुरीचं काय करायचं, त्याची मुलं कुणाच्या ताब्यात द्यायची, हे सगळं ठरवण्याचा अधिकार सरकारी मंडळाकडे गेला. लॉर्ड्सवर खेळून आलेल्या माणसालाही तो लागू होता. नुसता धावफलक वाचला तर हे कळत नाही, आणि नुसता कायदा वाचला तर तो कुणावर चालला ती माणसं दिसत नाहीत.

ऑस्ट्रेलियाचं साहित्य आणि इतिहास वाचायचा असेल तर माझा आग्रह म्हणूनच एकच आहे: जोडीने वाचा. कथा किंवा कादंबरी हातात घेतली की तिच्या शेजारी त्याच काळातला, त्याच भागातला एक कागद ठेवा. पत्र, रोजनिशी, खटल्याची बातमी, चौकशी अहवाल, काहीही चालेल. कुठल्याही देशाबाबत हे बरंच, पण ऑस्ट्रेलियाबाबत त्याला खास कारण आहे. तिथल्या इतिहासकारांनी आदिवासींचा विषय कित्येक दशकं जवळजवळ वगळला होता. मानववंशशास्त्रज्ञ स्टॅनर यांनी १९६८ च्या रेडिओ व्याख्यानांत त्याला 'मोठं मौन' म्हटलं. कागद मात्र दप्तरांत होतेच, आणि कथांतून तो विषय मधूनमधून डोकं वर काढत होता. त्यामुळे इथे कथा आणि कागद एकमेकांचे राहिलेले भाग भरून काढतात.

पहिली जोडी म्हणून हेन्री लॉसनची 'द ड्रोव्हर्स वाइफ' ही कथा घ्या. 'बुलेटिन' साप्ताहिकात १८९२ मध्ये ती छापून आली. जेमतेम दहा-बारा पानं, एका बैठकीत होते. फळकुटांचं दोन खोल्यांचं घर, नवरा जनावरं हाकत महिनोन्‌महिने दूर, पदरात चार मुलं, अ‍ॅलिगेटर नावाचा कुत्रा. घराच्या फळ्यांखाली साप शिरतो आणि बाई रात्रभर जागी बसते. ऑस्ट्रेलियन बुशचं, म्हणजे वस्तीपासून दूरच्या रानमुलखाचं, जे चित्र पुढे शंभर वर्षं पाठ्यपुस्तकांत राहिलं, त्याचा बराच भाग या कथेने घडवला.

पहिल्या वाचनात डोळा सापावर असतो. दुसऱ्यांदा वाचताना लाकडांच्या ढिगाऱ्यापाशी थांबा. आदल्या दिवशी तिने एका वाटसरू आदिवासीकडून लाकडं रचून घेतलेली असतात. ढीग पाहून खूश होऊन ती त्याला ठरल्यापेक्षा जास्त तंबाखू देते, आळशी नाहीस म्हणून शाबासकीही देते. रात्री एक लाकूड ओढते तर सगळा ढीग कोसळतो, कारण आत तो पोकळ रचलेला असतो. त्या माणसाबद्दल लॉसन जाता जाता सांगतो की तो आपल्या टोळीतला शेवटचा होता आणि 'राजा' होता. कथा लगेच पुढे निघून जाते. वाचकाने मात्र दोन प्रश्न विचारावेत. टोळीतला शेवटचा कसा झाला? आणि राजा कुणी केला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर संग्रहालयात मिळतं. आदिवासी समाजांत राजे नव्हते, निर्णय ज्येष्ठांकडे असत. गोऱ्या वसाहतवाल्यांना बोलणी करायला एक माणूस हवा असे, म्हणून ते त्यांनीच निवडलेल्या माणसाच्या गळ्यात चंद्रकोरीच्या आकाराची धातूची पाटी अडकवत आणि तिच्यावर अमक्या टोळीचा 'राजा' किंवा 'प्रमुख' असं कोरत. कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा पाट्यांचा मोठा संग्रह आहे आणि त्यांची छायाचित्रं घरबसल्या पाहता येतात. ही प्रथा १८१५ मध्ये न्यू साउथ वेल्सचा गव्हर्नर लाकलन मॅक्वारी याने सुरू केली. पहिली पाटी मिळाली बंगारीला, ज्याने त्याआधी मॅथ्यू फ्लिंडर्सबरोबर जहाजाने अख्ख्या खंडाला वळसा घातला होता.

हा मॅक्वारी मुंबईचा जुना रहिवासी. ७७ व्या पलटणीबरोबर तो १७८८ मध्ये मुंबईत उतरला, १७९३ मध्ये इथेच त्याने जेन जार्व्हिसशी लग्न केलं. १७९५ मध्ये कोचीनला त्याने दोन गुलाम मुलं विकत घेतली. त्यांतला जॉर्ज जार्व्हिस पुढे त्याच्यासोबत सिडनीला गेला आणि मॅक्वारीच्या मृत्यूपर्यंत त्याच्यापाशी राहिला. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लढाईतही मॅक्वारी होता. सिडनीत १८१० ते १८२१ या काळात गव्हर्नर असताना त्याने ब्रिटनमधून शिक्षा म्हणून तिथे धाडलेल्या आणि ती भोगून सुटलेल्या कैद्यांना आपल्या टेबलावर जेवायला बसवलं, नकली कागदपत्रांच्या गुन्ह्यात आलेल्या फ्रान्सिस ग्रीनवेला सरकारी वास्तुविशारद केलं. आणि याच मॅक्वारीने एप्रिल १८१६ मध्ये आदिवासींवर सैन्य धाडलं. प्रतिकार करणाऱ्या पुरुषांना मारून त्यांची प्रेतं इतरांना धाक बसावा म्हणून झाडांवर टांगा, असा हुकूम होता. १७ एप्रिलच्या पहाटे ॲपिनजवळ निदान १४ माणसं मारली गेली, त्यांत बायका-मुलंही होती. मॅक्वारीची रोजनिशी उपलब्ध आहे, तीत ही मोहीम त्याच्याच अक्षरात नोंदलेली आहे. तो उदार होता की क्रूर, हे ठरवायची घाई करू नका. ग्रीनवेबद्दलची पानं आणि एप्रिल १८१६ ची पानं लागोपाठ वाचा. साम्राज्य कसं चालत होतं हे त्यातून जेवढं समजतं, तेवढं जाडजूड ग्रंथांतूनही समजत नाही.

लॉसनच्या कथेला आणखी एक जोड द्यायची तर बार्बरा बेंटनची 'द चोझन व्हेसल' वाचा, १८९६ ची. बुशमध्ये एकटी राहणारी बाई इथेही आहे, पण धोका सापाचा नाही, रस्त्याने जाणाऱ्या पुरुषाचा आहे. लॉसनच्या बाईचं शौर्य वाचून मन भरून आलं असेल तर बेंटन ते शांत राहू देत नाही. मला ती लॉसनपेक्षा मोठी कथाकार वाटते.

आता कागद शोधायचे कसे ते सांगतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं 'ट्रोव्ह' हे संकेतस्थळ मोफत आहे आणि वाचण्यासाठी खातंही उघडावं लागत नाही. जुनी वर्तमानपत्रं त्यात पानन्‌पान पाहता येतात. स्वामित्वहक्कामुळे बहुतेक वर्तमानपत्रं १९५४ पर्यंतचीच आहेत, थोडी त्यापुढची. शोधताना आधी वर्तमानपत्रांचा विभाग निवडा, मग शब्द अवतरणचिन्हांत टाका, मग वर्षं आणि राज्य मर्यादित करा, आणि जाहिराती वगळून फक्त लेख ठेवा. हे शेवटचं केलं नाही तर मेंढ्यांच्या लिलावांच्या जाहिरातींतच संध्याकाळ जाते.

उदाहरणाला मायल क्रीकचं हत्याकांड घेऊ. १० जून १८३८ रोजी न्यू साउथ वेल्सच्या उत्तर भागात, हेन्री डँगरच्या जमिनीवर, विरयाराय लोकांपैकी किमान २८ जणांना मारलं गेलं. बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारी माणसं. मारणारे १२ जण. त्यांतला जॉन फ्लेमिंग हा जमीनदार घरातला एकटा निसटला आणि कधीच सापडला नाही. उरलेले ११ जण कैदी किंवा माजी कैदी होते. तिथला कारभारी विल्यम हॉब्ज याने खबर दिली, जॉर्ज अँडरसन नावाच्या कैदी नोकराने साक्ष दिली. नोव्हेंबरमधल्या पहिल्या खटल्यात सगळे सुटले. ॲटर्नी जनरल जॉन प्लंकेट यांनी त्यांतल्या ७ जणांवर पुन्हा खटला भरला आणि १८ डिसेंबरला ते फासावर गेले.

ट्रोव्हवर नुसतं ठिकाणाचं नाव टाकून थांबू नका. डँगर, प्लंकेट, अँडरसन ही नावं घालून जून १८३८ ते जानेवारी १८३९ एवढाच काळ ठेवा. जुनी छपाई पुसट असते आणि मजकूर यंत्राने ओळखलेला असतो, त्यामुळे नावातलं एक अक्षर चुकलं की बातमी सापडत नाही. अशा वेळी नावाचं स्पेलिंग बदलून पाहा, तरीही नाही सापडली तर लेख शोधत बसू नका. त्या तारखेचा अंक उघडून पानं चाळा. डावीकडच्या टंकित मजकुरावर विसंबू नका, मूळ पानाचं चित्र मोठं करून वाचा. चुकलेली ओळ दिसली तर ती तिथेच दुरुस्त करता येते, आणि जरूर करावी, कारण पुढच्या माणसाला तो लेख त्या दुरुस्तीमुळेच सापडतो.

मग 'सिडनी हेरल्ड' आणि 'सिडनी मॉनिटर' यांचे त्या महिन्यांतले अंक समोरासमोर ठेवा. हेरल्ड मोठ्या जमीनदारांच्या बाजूचं होतं आणि त्याने खटल्याला कडाडून विरोध केला. मॉनिटरने उलटी बाजू घेतली. 'त्या काळात सगळेच तसे विचार करत' असं जे सर्रास म्हटलं जातं, ते इथे टिकत नाही. सगळे तसा विचार करत नव्हते आणि त्यांची भांडणं छापील आहेत. एक सावधगिरी मात्र हवी. वर्तमानपत्रं एकमेकांच्या बातम्या जशाच्या तशा उचलत, त्यामुळे तीच बातमी दहा ठिकाणी दिसली म्हणून दहा साक्षीदार मिळाले असं होत नाही. मूळ बातमी कुणाची ते तारखेवरून ठरवा.

ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाने २०१७ पासून वसाहतींच्या सीमेवरच्या हत्याकांडांचा नकाशा आंतरजालावर ठेवला आहे. एका वेळी स्वतःचा बचाव करू न शकणारी सहा किंवा जास्त माणसं मारली गेली असतील तर ती नोंद त्यात येते आणि प्रत्येक नोंदीखाली पुरावा दिलेला असतो. कादंबरी ज्या भागात घडते तो भाग या नकाशावर उघडून ठेवणं ही चांगली सवय.

नेड केलीची जोडी सोपी आहे आणि मजाही देते. हा दरोडेखोर ११ नोव्हेंबर १८८० रोजी मेलबर्नमध्ये फाशी गेला. १८७९ मध्ये त्याने साथीदार जो बर्न याच्याकडून सुमारे ८००० शब्दांचं पत्र लिहून घेतलं होतं आणि जेरिल्डेरी गावात ते छापून घ्यायचा प्रयत्न केला होता. मूळ हस्तलिखित व्हिक्टोरियाच्या राज्य ग्रंथालयात आहे, पानांची चित्रं मोफत पाहता येतात. विरामचिन्हांचा पत्ता नाही, शिव्या मात्र भरपूर, आणि पोलिसांवरचा राग धो-धो. पीटर केरीने २००० साली केलीच्या तोंडून जी कादंबरी लिहिली आणि जिला २००१ चं बुकर मिळालं, तिचा आवाज या पत्रातून उचललेला आहे. क्रम बदलू नका. आधी पत्र, मग कादंबरी. उलट केलं तर केरीचा केली इतका मनात बसतो की खरा केली त्याची नक्कल वाटू लागतो. कादंबरीतला केली हे सगळं आपल्या मुलीसाठी लिहितो आहे. ती मुलगी केरीने रचलेली आहे.

कादंबरी आणि इतिहास यांच्या सीमेवर खुद्द ऑस्ट्रेलियातच मोठा वाद झाला. केट ग्रेनव्हिलची 'द सीक्रेट रिव्हर' २००५ मध्ये आली. हॉक्सबरी नदीकाठी जमीन बळकावणाऱ्या माजी कैद्याची ती गोष्ट आहे आणि तिची प्रेरणा लेखिकेचा स्वतःचा पूर्वज. इंगा क्लेंडिनन आणि मार्क मकेना या इतिहासकारांनी हरकत घेतली: वेगळ्या काळातल्या, वेगळ्या जागच्या घटना उचलून कादंबरीत ठेवल्या की वाचकाला इतिहास वाचल्याचा भास होतो. दोघांची हरकत रास्त आहे असं मला वाटतं, आणि तरीही कादंबरी वाचावी असंही वाटतं. शेजारी क्लेंडिनन यांचं 'डान्सिंग विथ स्ट्रेंजर्स' ठेवा. १७८८ मध्ये ब्रिटिश वसाहत सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत सिडनीच्या किनाऱ्यावर गोरे आणि आदिवासी एकमेकांना कसे चाचपत होते, हे त्यात अधिकाऱ्यांच्या नोंदी बारकाईने उलगडून दाखवलं आहे.

आदिवासी लेखकांना वाचनाच्या यादीत शेवटी ठेवण्याची चूक फार होते. त्यांना सुरुवातीलाच आणा. उजरू नूनकल यांचा १९६४ चा कवितासंग्रह छोटा आणि सोपा आहे. सॅली मॉर्गन यांचं १९८७ चं 'माय प्लेस' मराठी वाचकाने वाचावंच. शाळेत मुलं विचारतात, तुम्ही कुठले? घरून उत्तर शिकवलं जातं: भारतीय असल्याचं सांगा. पर्थच्या उपनगरात भारतीय म्हणवून घेणं आदिवासी असण्यापेक्षा सुरक्षित होतं, कारण आदिवासी म्हटलं की मुलं उचलून नेली जाण्याची भीती आईच्या आणि आजीच्या पिढीने भोगलेली होती.

ती भीती कागदावर पाहायची असेल तर डोरिस पिल्किंग्टन गारिमारा यांचं रॅबिट-प्रूफ कुंपणावरचं, म्हणजे सशांना अडवायला घातलेल्या लांबलचक कुंपणावरचं, पुस्तक घ्या. १९३१ मध्ये जिगलाँगच्या तीन मुलींना सरकारने उचलून मूर रिव्हरच्या वसाहतीत नेलं. त्या पळाल्या आणि कुंपणाच्या कडेकडेने सुमारे १६०० किलोमीटर चालल्या. मॉली आणि डेझी घरी पोहोचल्या, ग्रेसी वाटेत पकडली गेली. लेखिका मॉलीची मुलगी. या पुस्तकात पोलिसांचा आणि चीफ प्रोटेक्टर (आदिवासींवर देखरेख ठेवणारे मुख्य अधिकारी) नेव्हिल यांचा पत्रव्यवहारही आहे, म्हणजे जोडी एकाच बांधणीत मिळते. किम स्कॉट यांची १९९९ ची 'बेनांग' याच नेव्हिल यांच्या लेखनावर उलटून बोलते. ती अवघड आहे, वर्षभराच्या वाचनानंतर घ्या. मुलांच्या ताटातुटीवरचा १९९७ चा सरकारी चौकशी अहवाल मोफत आहे. तो सलग वाचू नका, साक्षींचे उतारे आधी वाचा.

भटक्या-विमुक्तांची आत्मकथनं वाचलेल्या मराठी वाचकाला यांतलं बरंच काही ओळखीचं वाटेल. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा, सोलापूरच्या सेटलमेंटभोवतीचं तारेचं कुंपण, हजेरी, परवान्याशिवाय हलायचं नाही. व्हिक्टोरियाचा १८६९ चा कायदा आणि हा कायदा दोन वर्षांच्या अंतराने झाले. दोन्हीकडे तेच साम्राज्य आणि तीच 'सुधारण्या'ची भाषा होती. फरकही ध्यानात ठेवायला हवा. ऑस्ट्रेलियात जमीनच कुणाची नव्हती असं कायद्याने धरलं होतं, आणि टोरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटाच्या एडी माबोच्या खटल्यात ३ जून १९९२ रोजी तिथल्या हाय कोर्टाने, म्हणजे देशाच्या सर्वांत वरच्या न्यायालयाने, ते खोडून काढलं. निकालाच्या काही महिने आधीच माबो वारला होता.

काही चुका नेहमीच्या आहेत. १९६७ च्या सार्वमताने आदिवासींना मतदानाचा हक्क मिळाला, हे वाक्य चांगल्या चांगल्या लेखांत दिसतं. ते खरं नाही. केंद्राच्या निवडणुकीतला हक्क १९६२ मध्येच मिळाला होता. सार्वमताने घटनेतल्या दोन तरतुदी बदलल्या: केंद्राला आदिवासींसाठी कायदे करता येऊ लागले आणि लोकसंख्या मोजताना त्यांना वगळण्याचं कलम गेलं. बाजूने ९०.७७ टक्के मतं पडली. दुसरी चूक म्हणजे १९०१ च्या आधी 'ऑस्ट्रेलियाचा कायदा' असं म्हणणं. १ जानेवारी १९०१ पर्यंत त्या वेगवेगळ्या वसाहती होत्या. क्वीन्सलँड १८५९ मध्ये वेगळं झालं, त्यामुळे त्याआधीचे ब्रिस्बेनचे कागद न्यू साउथ वेल्सच्या नावाखाली शोधावे लागतात. जुन्या गोष्टींत 'स्टेशन' म्हणजे मेंढ्या-गुरांची प्रचंड जमीन आणि 'स्क्वॉटर' म्हणजे तिचा गब्बर मालक, झोपडपट्टीवाला नव्हे. जानेवारी-फेब्रुवारीत वणवे असतात, ख्रिसमस कडक उन्हात.

'अफगाण' हा शब्दही जपून वाचा. खंड दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडायला निघालेल्या बर्क आणि विल्सच्या मोहिमेसाठी १८६० मध्ये कराचीहून २४ उंट आणि त्यांचे सांडणीस्वार नेले गेले. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. कागदांत अफगाण म्हटलेल्या कित्येक उंटवाल्यांचं मूळ बलुचिस्तान, सिंध, पंजाबातलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या, तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या गॅलिपोलीच्या लढाईचंही तसंच. २५ एप्रिल १९१५ ला ऑस्ट्रेलियन फौज किनाऱ्यावर उतरली तेव्हा त्यांच्यासोबत कोहाट आणि जेकब्ज या भारतीय पहाडी तोफखान्यांच्या २१ आणि २६ क्रमांकाच्या तुकड्या होत्या, आणि पाणी-दारूगोळा वाहणारे भारतीय खेचरवाले. चार्ल्स बीन यांच्या अधिकृत युद्धेतिहासाचे १२ खंड युद्धस्मारकाच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, सूचीत भारतीय तुकड्या शोधा.

पुस्तकं मिळवायची कशी? भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं स्वामित्वहक्क राहतो. लॉसन, बेंटन, माइल्स फ्रँकलिन, हेन्री हँडल रिचर्डसन हे सगळे त्यातून मोकळे झाले आहेत आणि प्रोजेक्ट गुटेनबर्ग ऑस्ट्रेलियावर मिळतात. नवी पुस्तकं विकत घ्यावी लागतील. व्यक्तींची माहिती हवी असेल तर ऑस्ट्रेलियन चरित्रकोश पूर्ण मोफत आहे; फक्त नोंद कोणत्या वर्षी लिहिली ते तळाशी पाहा, १९६० च्या दशकातल्या नोंदींत आदिवासींचा उल्लेख बऱ्याचदा त्रोटक असतो. पॅट्रिक व्हाइट यांना १९७३ चं नोबेल मिळालं म्हणून 'व्हॉस'पासून सुरुवात करू नका. बरेच वाचक तिथेच थांबतात. ही कादंबरी ज्याच्यावरून सुचली त्या, १८४८ मध्ये बेपत्ता झालेल्या लुडविग लाइकहार्टची आधी १८४७ मध्ये छापलेली प्रवासनोंद चाळा, मग 'व्हॉस' हाती घ्या.

आणि एक कागद असा, ज्याला अजून जोडीची फारशी गरजही नाही. कलकत्त्याहून सिडनीला निघालेलं 'सिडनी कोव्ह' जहाज १७९७ मध्ये बास सामुद्रधुनीत फुटलं. मदत आणायला १७ जण होडीतून निघाले, त्यांतले १२ बंगाली लस्कर, म्हणजे ब्रिटिश जहाजांवरचे हिंदी खलाशी. होडीही फुटली, तेव्हा ते किनाऱ्याने सिडनीकडे चालू लागले. वाटेत आदिवासींनी त्यांना मासे दिले, नद्या पार करून दिल्या. काही ठिकाणी भालेही फेकले. शेवटी तिघे वाचले: विल्यम क्लार्क, एक गोरा खलाशी आणि एक लस्कर. क्लार्कचा वृत्तांत कलकत्त्याच्या 'एशियाटिक मिरर'मध्ये छापला गेला आणि 'हिस्टॉरिकल रेकॉर्ड्स ऑफ न्यू साउथ वेल्स'च्या तिसऱ्या खंडात आहे. वाचताना आदिवासी भाषांचा नकाशा उघडा ठेवा. दक्षिणेकडून वर येताना गुनाइकुर्नाई, युइन आणि धरावल यांची भूमी लागते, म्हणजे क्लार्क ज्यांना नुसतं 'नेटिव्ह' म्हणतो ते कोण होते ते पानागणिक ताडून पाहता येतं.